पॅरा बॅडमिंटन: खेळाडू, पालक आणि प्रशिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

खालचे प्रश्न कोर्टच्या कडेला उभं राहून विचारले जातात. काही मोठ्याने, काही जरा बाजूला घेऊन. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण काही प्रश्नांना एक ओळ पुरते आणि काहींना पान कमी पडतं.

पॅरा बॅडमिंटन हा वेगळा खेळ आहे का?

नाही, दिव्यांग खेळाडूंचं हे बॅडमिंटनच. रॅकेट तीच, शटल तेच, नेटची उंचीही तीच: खांबांपाशी १.५५ मीटर आणि मध्यभागी १.५२४ मीटर. व्हीलचेअरवरच्या खेळाडूसाठीसुद्धा नेट एक इंचही खाली येत नाही, हे ऐकून बरेच जण चमकतात. गुणमोजणीही नेहमीचीच, टोकियो आणि पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये २१ गुणांचे तीनपैकी दोन गेम जिंकायचे होते. २०११पासून हा खेळ जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या, म्हणजे बीडब्ल्यूएफच्याच छत्राखाली आहे.

बदलतात त्या तीन गोष्टी. कोर्टचा किती भाग खेळात धरायचा, सर्व्हिस आणि व्हीलचेअरसंबंधीचे काही नियम, आणि कोण कुणाविरुद्ध खेळणार, जे दिव्यांगत्वाच्या वर्गावर ठरतं. "दिव्यांगांसाठी सोपं केलेलं बॅडमिंटन" असं कुणी म्हणालं की त्याला एकदा खुर्चीत बसवून मागच्या रेषेवरून क्लिअर, म्हणजे समोरच्याच्या मागच्या रेषेपर्यंत जाणारा उंच फटका, मारायला सांगावं.

वर्ग किती आणि कोणते?

सहा. नावं इंग्रजी अक्षरांची असल्यामुळे सुरुवातीला डोकं चक्रावतं, पण आठवडाभरात तोंडात बसतात.

व्हीलचेअरचे दोन: डब्ल्यूएच-१ आणि डब्ल्यूएच-२. दोन्हींत पायांची ताकद नसते किंवा फार कमी असते, फरक धडाचा. डब्ल्यूएच-१ खेळाडूच्या पोटा-पाठीच्या स्नायूंवरही परिणाम झालेला असतो, त्यामुळे मागे झुकून शटल मारल्यावर पुन्हा सरळ होणं हेच मोठं काम असतं. डब्ल्यूएच-२ खेळाडूचं धड बऱ्यापैकी किंवा पूर्ण साथ देतं.

उभं राहून खेळणाऱ्यांत एसएल-३ आणि एसएल-४ हे पायांच्या दिव्यांगत्वाचे वर्ग. एसएल-३मध्ये चालताना-पळताना तोल लक्षात येण्याइतका जातो, एसएल-४मध्ये त्यामानाने कमी. एसयू-५ हा हाताच्या दिव्यांगत्वाचा वर्ग. तो हात रॅकेटचा असू शकतो किंवा दुसरा. आणि एसएच-६ हा कमी उंचीच्या खेळाडूंचा.

एक सूत्र लक्षात ठेवलं तरी पुरे: व्हीलचेअरच्या दोन वर्गांत आणि पायांच्या दोन वर्गांत आकडा लहान म्हणजे हालचालीवर मर्यादा जास्त.

माझा वर्ग कोण ठरवतं? डॉक्टरांचं प्रमाणपत्र दाखवलं की झालं?

झालं नाही. प्रमाणपत्र आजाराचं किंवा इजेचं नाव सांगतं; वर्गीकरणात बघतात ते त्या इजेमुळे बॅडमिंटन खेळण्यात काय अडतं ते. एकच निदान असलेले दोघं जण दोन वेगळ्या वर्गांत जाऊ शकतात, आणि पोलिओ झालेली एक व्यक्ती व पाय गमावलेली दुसरी एकाच वर्गात.

हे काम प्रशिक्षित वर्गीकरण अधिकारी करतात. आधी वैद्यकीय कागद. मग टेबलावर बसवून किंवा झोपवून स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, अवयवांची लांबी, तोल, ताठरपणा हे तपासतात. त्यानंतर कोर्टवर फटके मारायला आणि हलायला लावतात. आणि पुढे प्रत्यक्ष सामन्यातही तुमच्यावर डोळा असतो. तपासणीत लंगडणारा माणूस सामन्यात तीन पावलांत नेटवर पोहोचला तर ते दिसतंच. मुद्दाम कमी ताकद दाखवणं हा गंभीर गुन्हा मानला जातो आणि त्यासाठी बंदी येते.

काही जणांचा वर्ग कायमचा होतो, काहींच्या नावापुढे "पुन्हा तपासणी" असा शेरा येतो. वाढत जाणारा आजार असेल किंवा खेळाडू अजून वाढीच्या वयात असेल तर हा शेरा साहजिक आहे. त्यात अपमान वाटून घेऊ नये. निर्णय पटला नाही तर रीतसर हरकत घेता येते.

माझं दिव्यांगत्व अगदी थोडं आहे. मी बसतो का यात?

प्रत्येक वर्गाला किमान मर्यादा आहे. एखादं बोट नसणं किंवा गुडघ्याची जुनी दुखापत ही खरी अडचण असली तरी ती मर्यादा ओलांडेलच असं नाही. वर्ग मिळाला नाही म्हणजे तुम्ही दिव्यांग नाही असा त्याचा अर्थ होत नाही, एवढं मात्र अधिकाऱ्यांनीही खेळाडूला नीट समजावून सांगायला हवं. तसं होताना नेहमी दिसत नाही.

ऐकू न येणारे, कमी दिसणारे किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेले खेळाडू कुठे खेळतात?

पॅरालिम्पिकमधलं बॅडमिंटन फक्त शारीरिक दिव्यांगत्वासाठी आहे.

कर्णबधिर खेळाडूंची स्वतःची जुनी आणि जोरकस स्पर्धा आहे, डेफलिम्पिक्स. तिथे बॅडमिंटन १९८५पासून आहे. पात्रतेसाठी चांगल्या कानातही किमान ५५ डेसिबल श्रवणऱ्हास लागतो, आणि सामन्यात श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं. बॅडमिंटनमध्ये कान किती काम करतो हे तिथे कळतं: समोरच्याच्या तारांवर शटल कसं बसलं ते आपण अर्धं ऐकूनच ओळखत असतो. ती माहिती नसलेला खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या मनगटाकडे आणि खांद्याकडे कितीतरी बारकाईने बघतो. २०२२मध्ये ब्राझीलला झालेल्या डेफलिम्पिक्समध्ये भारताच्या जेरलिन अनिकाने तीन सुवर्णपदकं घेतली.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी स्पेशल ऑलिंपिक्समध्ये बॅडमिंटन आहे, आणि तिथे बौद्धिक दिव्यांगत्व असलेला व नसलेला अशी जोडी मिळून दुहेरी खेळण्याचा प्रकारही आहे. दृष्टिबाधित खेळाडूंसाठी पॅरालिम्पिकमध्ये बॅडमिंटनचा वर्ग नाही.

व्हीलचेअरवर कोर्ट किती मोठं असतं?

एकेरीत अर्धं. कोर्ट लांबीच्या दिशेने मधोमध कापलं की जी अरुंद पट्टी राहते ती. दुहेरीत पूर्ण रुंदी. पण दोन्हींत एक भाग खेळातून बाद: नेट आणि पुढची सर्व्हिस रेषा यांच्यामधली जागा. तिथे शटल पडलं तर ते बाहेर.

आकड्यांत बघू. पूर्ण कोर्ट १३.४० मीटर लांब, म्हणजे एका बाजूला ६.७०. पुढची सर्व्हिस रेषा नेटपासून १.९८ मीटरवर. उरले ४.७२ मीटर. एकेरीचा सगळा खेळ या पावणेपाच मीटरच्या पट्टीत पुढे-मागे चालतो. ऐकायला लहान वाटतं. पण खुर्चीला बाजूला उडी मारता येत नाही आणि मागे जाताना खेळाडूला नजर शटलवर ठेवून चाकं उलटी ओढावी लागतात. म्हणून इथला मुख्य डाव एकच: प्रतिस्पर्ध्याला उंच क्लिअरने मागच्या रेषेला चिकटवायचं आणि मग सर्व्हिस रेषेच्या जेमतेम पलीकडे ड्रॉप, म्हणजे हळूच खाली पडणारा फटका, टाकायचा. तो पुढे आला की पुन्हा मागे. चांगल्या खेळाडूंची एक रॅली सहज लांबत जाते, आणि बघणाऱ्याला कंटाळवाणी वाटणारी ती क्लिअरची देवाणघेवाण प्रत्यक्षात कुणाचा खांदा आधी थकतो याची परीक्षा असते. स्मॅश आहे, पण खुर्चीतून मारलेल्या स्मॅशला उभ्या खेळाडूसारखा तीव्र कोन मिळत नाही; नेट तेवढंच उंच आणि हात मात्र कितीतरी खाली.

सर्व्हिस करताना शटल काखेच्या खाली असायला हवं. फटका मारताना धडाचा काही भाग आसनाला टेकलेला हवा, आणि खेळ चालू असताना पाय जमिनीला लागला तर चूक.

एसएल-३ला पण अर्धं कोर्ट का?

एकेरीपुरतंच. तोल जाणाऱ्या खेळाडूला बाजूच्या हालचाली सगळ्यात महाग पडतात, म्हणून रुंदी कमी केली. पुढची जागा मात्र बाद नाही, त्यामुळे नेटवरचा नाजूक खेळ पूर्ण शिल्लक राहतो. एसएल-४, एसयू-५ आणि एसएच-६ पूर्ण कोर्टवर खेळतात.

घरातली रोजची व्हीलचेअर चालेल का?

पहिल्या काही दिवसांसाठी, जपून, हो. पुढे नाही. रोजच्या खुर्चीची चाकं उभी असतात आणि झटकन वळताना ती कलंडू शकते. खेळाच्या खुर्चीची चाकं खालच्या बाजूला फाकलेली असतात, म्हणून ती जागच्या जागी फिरते आणि कडेला झुकल्यावर उलटत नाही. मागे एक लहान आधारचाक असतं; मागे झुकून क्लिअर मारताना तेच तुम्हाला वाचवतं. पाठीचा टेका किती उंच हवा हे धडाच्या ताकदीवर ठरतं. कंबरेला किंवा मांड्यांना लवचिक पट्टा बांधायला परवानगी आहे. मोटर नाही.

टेनिस किंवा बास्केटबॉलची खुर्ची उधार मिळत असेल तर सुरुवातीला तीही उत्तम. फक्त मागचं आधारचाक आहे का ते बघा. चाकांमुळे मॅट खराब होते ही हॉलवाल्यांची नेहमीची तक्रार. डाग न पाडणारे टायर लावले आणि चाकं पुसून आत आलात तर तिला फारसा अर्थ उरत नाही.

हातात रॅकेट असताना चाकं कशी ढकलायची?

नवीन खेळाडू इथेच अडखळतो, आणि प्रशिक्षकही, कारण त्याने ते स्वतः कधी केलेलं नसतं.

रॅकेटची मूठ घट्ट धरून चाक ढकलायला गेलात तर बोटं चिमटतील. मूठ अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये सैल ठेवा, दांडा चाकाच्या बाहेरच्या कड्याला समांतर येऊ द्या, आणि ढकलायचं काम तळहाताच्या टाचेने करा. दुसरा हात मोकळा असल्यामुळे तो जास्त जोर लावतो आणि खुर्ची एका बाजूला वळायला लागते. ते सावरायला रॅकेटच्या हाताने थोडं लांब ढकलावं लागतं. सुरुवातीचे दिवस शटलच नको. रॅकेट हातात घेऊन नुसतं पुढे, मागे, थांबा, पुन्हा मागे. मागे येताना शेवटचा ओढा संपायच्या आत रॅकेट डोक्यावर पोहोचली पाहिजे. ही एक गोष्ट अंगवळणी पडली की बाकीचं पटापट येतं, आणि ती पडली नाही तर कितीही फटके शिकवा, खेळाडू शटलखाली पोहोचतच नाही.

कृत्रिम पाय लावून खेळता येतं का? कुबडी घेऊन?

दोन्ही. रोजच्या वापराच्या कृत्रिम पायावर सुरुवात करणारे पुष्कळ आहेत. अडचण येते ती घामाची. तासाभरात सॉकेटच्या (कृत्रिम पायाची खोबण) आत घाम साचतो, पाय सैल होतो, आणि लंज मारताना, म्हणजे लांब पाऊल टाकून वाकताना, नेमका फिरतो. दोन गेमच्या मध्ये पाय काढून पुसून पुन्हा घालायची सवय लावा, सोबत कोरडा लायनर (सॉकेटच्या आत घालायचं मऊ आवरण) ठेवा. लंज नेहमी धडधाकट पायावरच मारायचा असा नियम नाही. कोणता पाय पुढे ठेवल्यावर परत येणं सोपं जातं ते करून बघूनच ठरतं.

एकच हात असेल तर सर्व्हिस कशी करायची?

रॅकेटच्याच हाताच्या बोटांत शटल धरायचं, सोडायचं आणि ते खाली जायच्या आत मारायचं. सुरुवातीला शटल पायावर पडतं, मग हळूहळू जमतं. खरी अडचण सर्व्हिस नाहीच. डोक्यावरून फटका मारताना दुसरा हात वर जाऊन अंगाला तोल देतो. तो नसला की कंबर आणि खांदे जास्त फिरवून ती कसर भरून काढावी लागते. म्हणून एसयू-५च्या सरावात पोट आणि कंबरेच्या व्यायामाला मोठी जागा द्या.

दुहेरीत कुणाशीही जोडी जमते का?

सरावात खुशाल. स्पर्धेत दोघांनाही वर्ग हवा, आणि वर्गांच्या आकड्यांची बेरीज ठरलेल्या मर्यादेत हवी. व्हीलचेअर दुहेरीत ती मर्यादा ३. म्हणजे दोन डब्ल्यूएच-२ एकत्र येऊ शकत नाहीत, निदान एक डब्ल्यूएच-१ पाहिजेच. एसएल-३ ते एसयू-५ मिश्र दुहेरीत मर्यादा ८: एसएल-३बरोबर एसयू-५ चालतो, दोन एसएल-४ चालतात, एसएल-४ आणि एसयू-५ चालत नाहीत. यामुळे हालचालीवर मर्यादा जास्त असलेला खेळाडू जोडीतला "कच्चा लिंबू" न राहता ज्याला सगळे शोधतात असा जोडीदार होतो. मला हा नियम फार आवडतो.

पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ कधी आला? सगळे वर्ग असतात का?

टोकियोत, म्हणजे २०२०चं म्हणवलं गेलेलं पण २०२१मध्ये झालेलं पॅरालिम्पिक. तिथे १४ प्रकार होते, २०२४ला पॅरिसमध्ये १६.

आणि नाही, सगळ्यांना जागा असतेच असं नाही. टोकियोत महिलांच्या एकेरीत एसएल-३ आणि एसएच-६ हे वर्गच नव्हते. भारताची मानसी जोशी २०१९ला बासेलमध्ये एसएल-३ची जगज्जेती झाली होती, तरी पुढच्या पॅरालिम्पिकमध्ये तिच्या वर्गाची एकेरी नव्हती. पॅरिसला हे दोन्ही वर्ग आले, एसएच-६ची मिश्र दुहेरीही आली, पण त्याच वेळी महिलांची एसएल-३ ते एसयू-५ दुहेरी गेली. त्याच प्रकारात टोकियोत इंडोनेशियाच्या लिआनी रात्री ओक्टिलाने सुवर्ण जिंकलं होतं. जगज्जेतेपद हातात असून वर्ग यादीत नाही म्हणून घरी बसावं लागणं हा या खेळातला सगळ्यात मोठा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिकण्यासाठी कुणाचे सामने बघावेत?

तुमच्याच वर्गातले. डब्ल्यूएच-२साठी जपानचा दाइकी काजिवारा, डब्ल्यूएच-१साठी चीनचा क्यू झिमो. दोघंही टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे एकेरीचे विजेते. एसयू-५मध्ये मलेशियाचा चिआ लिएक हाउ, त्याचीही दोन सुवर्णं. एसएल-४मध्ये फ्रान्सचा लुका माझूर आणि भारताचा सुहास यथिराज. दोन्ही पॅरालिम्पिकच्या अंतिम सामन्यांत हेच दोघं समोरासमोर होते आणि दोन्ही वेळा माझूर जिंकला. एसएच-६मध्ये टोकियोचा विजेता कृष्णा नागर.

आणि वर्ग कोणताही असो, पॅरिसचा एसएल-३चा अंतिम सामना बघाच. भारताचा नितेश कुमार विरुद्ध ब्रिटनचा डॅनियल बेथेल, २१-१४, १८-२१, २३-२१. अर्ध्या कोर्टवर माणूस किती धीर धरू शकतो ते त्यात दिसतं.

वय निघून गेलंय का माझं?

सुहास पॅरिसला रौप्य जिंकला तेव्हा ४१ वर्षांचा होता. भारताचीच मनीषा रामदास त्याच स्पर्धेत कांस्य जिंकली तेव्हा १९ची.

दुखापतींचं काय? वेगळी काळजी लागते का?

व्हीलचेअरवाल्यांचा खांदा. तोच हात चाक ढकलतो, तोच फटके मारतो आणि खेळ संपल्यावर खुर्चीतून गाडीत बसायलाही तोच लागतो. खांदा दुखू लागला की विश्रांती म्हणजे फक्त खेळ बंद असं होत नाही, सगळं जगणंच अडतं. त्यामुळे खांद्याच्या मागच्या बाजूचे स्नायू पहिल्या दिवसापासून बळकट करा.

मज्जारज्जूला इजा असलेल्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. इजेच्या खालच्या भागात घाम नीट येत नाही, आणि शटल वाऱ्याने हलतं म्हणून हॉलमधले पंखे बंद असतात. अंग तापत जातं आणि कळत नाही. ओला टॉवेल आणि पाणी फवारायची बाटली जवळ ठेवा. दुसरं, जिथे संवेदना नाही तिथली त्वचा दर सरावानंतर आरशात बघा. लाल चट्टा उमटला आणि दाब काढल्यावरही जात नसेल तर खुर्चीत बसणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल आणि अचानक डोकं ठणकून चेहरा लाल झाला, तर तो रक्तदाबाचा धोकादायक उद्रेक असू शकतो. सरळ बसवा, लघवीसाठी लावलेली नळी (कॅथेटर) कुठे अडकली आहे का, कपडा-पट्टा कुठे आवळतोय का ते बघा आणि तातडीने वैद्यकीय मदत बोलवा. हे सोबतच्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवं.

माझी औषधं चालू आहेत. उत्तेजक चाचणीत अडकेन का?

काही वेदनाशामकं आणि इतर औषधं प्रतिबंधित यादीत असू शकतात. स्पर्धेआधी औषध तपासून घ्या. गरजेचंच असेल तर वैद्यकीय कारणासाठी सूट मागता येते. वरच्या पातळीवर आणखी एक बंधन असतं: आपण कुठे आहोत हे चाचणी यंत्रणेला कळवत राहणं. बारा महिन्यांत तीनदा हे चुकलं तर काहीही न घेता बंदी येते. टोकियोचा एसएल-३ विजेता प्रमोद भगत याच नियमाखाली १८ महिन्यांसाठी निलंबित झाला आणि पॅरिसला मुकला.

मी प्रशिक्षक आहे, पण दिव्यांग खेळाडूला कधी शिकवलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

विचारण्यापासून. काय हलतं, काय दुखतं, काय करून बघायचंय. ही माहिती खेळाडूकडे असते, सोबत आलेल्या भावाकडे किंवा आईकडे बघून "याला जमेल का?" असं विचारू नका. खुर्चीला न विचारता हात लावू नका.

पहिल्या दिवशी नेट खाली घेतलं, शटल हाताने टाकलं, कोर्ट आणखी लहान केलं तर काही बिघडत नाही. मात्र सगळ्यांपासून लांबच्या कोपऱ्यातलं कोर्ट देऊ नका. बाकीच्या मुलांबरोबर, त्याच वेळेत, शेजारच्याच कोर्टवर. आणि कौतुक जपून करा. सोपा फटका नेटमध्ये मारल्यावरही टाळ्या पडल्या की खेळाडूला बरोबर कळतं की याला माझ्याकडून काही अपेक्षाच नाही. चूक असेल तर चूक म्हणा आणि पुन्हा मारायला लावा.

पहिल्या दिवशी येताना काय आणायचं?

वजनाला हलकी, मुठीला जाड नसलेली कुठलीही रॅकेट, घट्ट बसणारे कपडे, पाणी, टॉवेल. नायलॉनची शटलं पुरतात, पिसांची नंतर. कृत्रिम पाय असेल तर जादा लायनर, खुर्ची असेल तर हवा भरायचा पंप. आणि येण्याआधी हॉलला फोन करून दोन गोष्टी विचारून घ्या: दारात पायरी आहे का, आणि स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जाते का. "बहुतेक जाईल" असं उत्तर आलं तर दाराची रुंदी मोजून सांगायला लावा.